बडवायझरच्या जागी विस्कॉन्सिन

जिंगल लिहायला बसलं की आधी नाव मोजायचं. मालाचं नाव. किती मात्रांचं आहे, कुठल्या अक्षरावर जोर पडतो, शेवट उघड्या स्वरावर होतो की व्यंजनावर आपटतो, समेवर ठेवलं तर गाणाऱ्याच्या तोंडात नीट बसतं का. चाल त्यानंतर. मुंबईत रेडिओसाठी जिंगल लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हिंग, अगरबत्ती, छत्र्या, दादरची साड्यांची दुकानं. दर वेळी पहिलं काम हेच. रेकॉर्डिंगला क्लायंट आला की काचेपलीकडे बसून तोही बोटांवर मोजायचा, आपलं नाव किती वेळा आलं. चालीबद्दल क्वचितच कुणी बोलायचं.

म्हणूनच अमेरिकेतल्या एका बिअरच्या जिंगलची हकीकत मला सोडत नाही. त्या जिंगलमधलं बिअरचं नाव लोकांनी काढून टाकलं, त्या जागी आपल्या राज्याचं नाव घातलं, आणि पन्नास वर्षांनंतरही हजारो माणसं उभी राहून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती गातात. मूळ जाहिरात टीव्हीवरून कधीच गेली. गाणाऱ्यांतल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

जिंगल रचली होती स्टीव्ह कारमेन यांनी, १९७० साली. कारमेन न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले. अमेरिकेच्या जाहिरात धंद्यात त्यांना जिंगलचा राजा म्हणत. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ ही १९७७ सालची पर्यटनाची मोहीम आठवते ना? तिच्यातलं लाल बदामाचं चित्र आपल्याकडच्या फुटपाथवरच्या टी-शर्टांवरही असतं. त्या मोहिमेचं गाणं कारमेन यांचं. बडवायझर ही बिअर सेंट लुईसच्या ॲनहॉयझर-बुश कंपनीची. तिच्यासाठी त्यांनी ट्रम्पेट-ट्रॉम्बोन फुंकत येणारी, कवायतीच्या चालीची, छाती पुढे काढून चालणारी धून बांधली. तिचा आशय एवढाच की या बिअरचं नाव घेतलंत की पुढे बोलायचं काही उरत नाही. नाव जिथे येतं तिथे चाल वर चढते आणि थांबते. त्या थांब्यावर तीन ठोके आहेत. बड्, वाय्, झर.

ही रचना ऐकताना मला तिच्यामागचा माणूस दिसतो. जिंगल ज्याच्यासाठी असते तो श्रोता ऐकत नसतो. तो भाजी चिरत असतो, गाडी चालवत असतो, जाहिरात आली म्हणून उठून पाणी प्यायला निघालेला असतो. त्याच्या कानात तीस सेकंदांत चाल अशी शिरली पाहिजे की दुसऱ्यांदा ऐकताना तो पुढचा स्वर आधीच गुणगुणेल. आवाज नसलेल्यालाही गाता यावी म्हणून चाल फार वर न्यायची नाही, फार खाली उतरवायची नाही. उड्या लहान ठेवायच्या. श्वास घ्यायला जागा सोडायची. या अटी पाळून केलेलं गाणं कमअस्सल असतं असं मानणारे संगीतातले पुष्कळ लोक मला भेटले. मला ते कधीच पटलं नाही. हे कसब फार अवघड आहे, आणि त्याचा सगळ्यात कडक कस कुठे लागत असेल तर तो पाऊण लाख माणसांच्या स्टेडियममध्ये.

कारमेन यांची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जिंगल करणाऱ्याला एकरकमी पैसे द्यायचे आणि गाणं कंपनीने ठेवून घ्यायचं, हा या धंद्याचा जगभरचा रिवाज. कारमेन यांनी तो मानला नाही. आपल्या जिंगलचे प्रकाशन हक्क ते स्वतःकडे ठेवत आणि जाहिरात जितकी वाजेल तितका मोबदला घेत. आम्हाला व्हाउचरवर सही करून पैसे मिळायचे आणि चाल तिथेच संपायची. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला कायद्याचं बळ मिळालं, पण तोवर आमची पिढी निवृत्तीला आली होती. तेव्हा १९७० साली एक जिंगलकार बिअरच्या बलाढ्य कंपनीपुढे बसून ‘गाणं माझं राहील’ म्हणतो, हे मला फार मोठं वाटतं.

आता मॅडिसनकडे. विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी, दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलेली. राज्याचं मोठं विद्यापीठ तिथेच. विद्यापीठाचं स्टेडियम कॅम्प रँडल, १९१७ पासूनचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथे सैनिकांची छावणी होती, तिचं नाव मैदानाला राहिलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये या विद्यापीठाचा संघ १९६७ ते १९६९ या काळात सलग २३ सामने जिंकू शकला नव्हता. एक बरोबरीत सुटला, बाकी सगळे हरले. ऑक्टोबर १९६९ मध्ये शेजारच्या आयोवा राज्याच्या विद्यापीठाला हरवलं तेव्हा ती साडेसाती संपली. त्याच १९६९ साली दोन माणसं कामावर रुजू झाली. क्रीडा विभागाचे प्रमुख म्हणून एलरॉय हर्श आले, जे स्वतः नावाजलेले खेळाडू होते. आणि विद्यापीठाच्या मार्चिंग बँडची सूत्रं मायकल लेक्रोन यांच्याकडे आली. लेक्रोन त्या जागेवर २०१९ पर्यंत होते, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं.

संघ हरतोय, लोक येत नाहीत, आलेले मधूनच उठून जातात. अशा मैदानात बँडमास्तरने करायचं काय? अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. घड्याळात हा खेळ साठ मिनिटांचा, पण संपायला तीन तासांहून जास्त लागतात, कारण तो सारखा थांबतो. एक डाव खेळायचा, तो काही सेकंदांत संपतो, मग पुन्हा रांगा लावायच्या. मध्ये विश्रांतीच्या वेळा, पंचांचे निर्णय, टीव्हीच्या जाहिराती. प्रेक्षकांच्या वाट्याला खेळापेक्षा फटीच जास्त येतात. त्या फटी अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या. कुठलंही मोठं गाणं त्यांत मावत नाही. अर्ध्या मिनिटात सुरू होऊन, रंगून, संपणारी चाल जगात एकाच ठिकाणी तयार मिळत होती. ती म्हणजे जाहिरातीची जिंगल. आणि तीही अशी, जी येणाऱ्या प्रत्येकाला घरच्या टीव्हीमुळे आधीच पाठ आहे. शिकवायला नको, छापील कागद वाटायला नकोत.

सत्तरच्या दशकात लेक्रोन यांच्या बँडने बडवायझरची चाल उचलली आणि ती पोल्काच्या ठेक्यावर आणली. पोल्का हा मध्य युरोपातला दोन ठोक्यांचा नाच, आपल्या केरव्यावर टाळ्या देणाऱ्याला लगेच जमेल असा. जर्मन, चेक, पोलिश लोक तो घेऊन या भागात आले. विस्कॉन्सिनने तर १९९३ साली पोल्काला राज्याचा अधिकृत नाच ठरवलं. म्हणजे चाल न्यूयॉर्कची, माल सेंट लुईसचा, ठेका आजोबा-पणजोबांचा. आणि त्या तीन ठोक्यांच्या थांब्यावर, जिथे बिअरचं नाव होतं, तिथे तीनच ठोक्यांचं नाव हाताशी होतं. विस्, कॉन्, सिन.

इथे एक बारकावा मला विलक्षण वाटतो. विस्कॉन्सिन हे स्वतःच बिअरचं राज्य. मिलवॉकी शहरात श्लिट्झ, पॅब्स्ट, मिलर, ब्लाट्झ अशा चार-चार मोठ्या कंपन्या होत्या. एके काळी श्लिट्झ अमेरिकेतली सर्वाधिक खपाची बिअर होती. १९५७ साली बडवायझरवाल्या सेंट लुईसच्या कंपनीने तिला मागे टाकलं, आणि १९८१ साली श्लिट्झचा मिलवॉकीतला कारखाना बंद पडला. म्हणजे ज्या वर्षांत घरची बिअर हरत होती, त्याच वर्षांत घरचं स्टेडियम जिंकणाऱ्या शत्रूची जिंगल गात होतं. चांगली चाल लोक कुणाची म्हणून घेत नाहीत. गाता येते म्हणून घेतात.

माझा भाचा मॅडिसनला शिकला आणि तिथेच नोकरीला लागला. एका ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेले असताना त्याने मला कॅम्प रँडलला नेलं. सकाळपासून रस्त्यांवर लाल कपड्यांचा पूर, अंगणाअंगणांत शेगड्यांवर सॉसेज भाजली जात होती. खेळ मला अर्धामुर्धाच कळला. सामना संपला, यजमान जिंकले, मी पर्स उचलली. भाचा म्हणाला, “मावशी, बस. खरं आता सुरू होतंय.” फुटबॉलच्या सामन्याचे चार भाग असतात. इथे सामना संपल्यावर बँड मैदानात उतरून जे वाजवतो त्याला म्हणतात पाचवा भाग. सुमारे तीनशे मुलं-मुली कवायत सोडून मनसोक्त धावतात, नाचतात, वाजवता वाजवता गिरक्या घेतात. जिंकल्यावर टोप्या उलट्या घालायच्या हा त्यांचा रिवाज. आणि मग ती चाल आली.

माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांच्या पलीकडे बहुधा त्यांची नात. दोघं एकाच वेळी डावीकडे झुकले, मग उजवीकडे. पूर्ण रांग झुकत होती, तेव्हा मीही झुकले. त्या थांब्यावर सगळ्यांनी एकदम राज्याचं नाव घेतलं आणि बँडचा आवाज त्यात बुडून गेला. मी आयुष्यभर नावं समेवर ठेवत आले. एवढ्या माणसांनी एक नाव इतकं नेमकं ठोक्यावर ठेवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पण ही चाल सामना संपल्यावरच का वाजते? सामन्यात का नाही? भाच्याने पश्चिमेकडच्या वरच्या मजल्याकडे बोट केलं. ती गॅलरी १९६६ साली बांधलेली. सत्तरच्या दशकात ही जिंगल सुरू झाली आणि लोक ठेक्यावर झुलू-नाचू लागले, तेव्हा ती गॅलरी हलताना दिसू लागली. लोक घाबरले, इंजिनियर मंडळींना बोलावणं गेलं, आणि शेवटी फुटबॉलचा सामना चालू असताना ही चाल वाजवायची नाही असं ठरलं. आता ती पाचव्या भागात वाजते. वरच्या मजल्यावर ज्यांना भीती वाटते त्यांना तोवर उतरून जाता येतं.

भाचा स्थापत्य अभियंता, त्यामुळे घरी परतताना त्याने मला हे सगळं उलगडून सांगितलं. प्रत्येक बांधकामाला हलण्याची आपली एक लय असते. मजला कितीही भक्कम असो, त्याला धक्का दिला तर तो सेकंदाला ठराविक वेळा कंप पावतो. झोपाळ्याला नेमका तो मागे आल्यावर हलका धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसंच इथे होतं. माणसं संगीतावर उड्या मारतात तेव्हा सेकंदाला साधारण दीड ते तीन ठोके पडतात. मजल्याची लय त्याच्या जवळपास असेल तर प्रत्येक उडी आधीच्या उडीत भर घालते. म्हणून आता गॅलऱ्या बांधताना त्यांची लय त्या पट्ट्याच्या पुष्कळ वर ठेवायचा प्रयत्न करतात. १८३१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल कवायतीत चाललेल्या सैनिकांखाली कोसळला. तेव्हापासून पुलावर सैनिकांनी पाऊल मोडून चालायचं असा हुकूम निघाला.

यातला माझ्या कामाचा भाग पुढेच आहे. संगीत नसताना हजारो माणसं नाचली तर प्रत्येकाची उडी वेगळ्या क्षणी पडते आणि जोर एकमेकांना खोडून काढतात. गोंगाट मोठा, पण मजला शांत. गाणं लागलं की त्यांचं एक शरीर होतं. गॅलरी हलवणारी गोष्ट गर्दी नव्हे, ठेका आहे. स्टुडिओत आम्ही चालीला ‘पकड’ आहे का असं विचारायचो. कॅम्प रँडलमध्ये ती पकड इंजिनियरांना मोजावी लागली.

याच मैदानात पुढे आणखी एक रीत पडली. १९९८ च्या ऑक्टोबरात पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मध्ये ‘जंप अराउंड’ हे रॅप गाणं लावलं गेलं आणि विद्यार्थ्यांनी अक्षरशः स्टेडियम उचललं. २००३ च्या हंगामाच्या सुरुवातीला, स्टेडियमचं बांधकाम चालू होतं म्हणून, ते बंद केलं. विद्यार्थी चवताळले. बांधकाम सुरक्षित असल्याचा निर्वाळा आल्यावर ते पुन्हा सुरू झालं. ते गाणं रेकॉर्डवरून लागतं. मजा त्यातही आहे. पण त्यात प्रेक्षकांनी घालायचं काही नाही, फक्त उड्या मारायच्या.

आता त्या बिअरच्या माहेरी, सेंट लुईसला जाऊ. तिथली गोष्ट उलट्या दिशेने घडली. १९५३ साली ॲनहॉयझर-बुशने शहराचा बेसबॉल संघ, कार्डिनल्स, विकत घेतला. कंपनीचे प्रमुख ऑगस्ट बुश, ज्यांना सगळे गसी म्हणत, त्यांना मैदानाचं नाव बडवायझर स्टेडियम ठेवायचं होतं. बेसबॉलच्या वरिष्ठांना बिअरचं नाव मैदानावर नको होतं. मग गसींनी घराण्याचं नाव दिलं, बुश स्टेडियम. कुणाची हरकत असणार? आणि १९५५ साली कंपनीने बाजारात नवी बिअर आणली. तिचं नाव बुश.

या कंपनीची ओळख म्हणजे तिचे क्लाइड्सडेल जातीचे अजस्र घोडे, खुरांवर पांढऱ्या केसांचे झुपके असलेले. १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली बिअरबंदी उठली तेव्हा तो आनंद साजरा करायला घोड्यांची ही गाडी पहिल्यांदा निघाली. कारमेन यांनी १९७१ च्या सुमारास बडवायझरसाठीच आणखी एक जिंगल केली, ‘हिअर कम्स द किंग’. मैदानाचे ऑर्गनवादक एर्नी हेज १९७१ पासून २०१० पर्यंत तिथे वाजवत होते. त्यांनी ती इतक्या वेळा वाजवली की सेंट लुईसच्या पोराबाळांना ती जाहिरात वाटेनाशी झाली. घरच्या मैदानावरच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी घोड्यांची गाडी मैदानाला फेरी घालते, ही चाल वाजते, लोक ठेक्यावर टाळ्या वाजवतात. १९८२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीत, ऐंशी ओलांडलेले गसी स्वतः त्या गाडीवर बसून मैदानात आले होते.

कंपनीने संघ १९९६ साली विकला. २००८ साली कंपनीच इनबेव्ह या परदेशी समूहाने गिळली. चाल राहिली. विस्कॉन्सिनमध्ये लोकांनी नाव बदलून चाल आपली केली. सेंट लुईसमध्ये नाव बदलायची गरजच पडली नाही, कारण कारखाना, घोडे, घराणं, संघ, सगळं शहराचंच होतं. तिथे जिंगल गाणं म्हणजे गावाचं नाव घेणंच होतं.

दोन्हीकडे एक समान माणूस आहे, आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मॅडिसनला लेक्रोन, सेंट लुईसला हेज. दोघंही मैदानात, त्या क्षणी, हाताने वाजवणारे. लोक दमलेत की पेटलेत हे पाहून ठेका वाढवणारे, लोक ओरडायला लागले की आपला आवाज कमी करून त्यांना जागा देणारे. जाहिरात कंपनीने कितीही पैसा ओतला तरी जिंगलची परंपरा होत नाही. मध्ये असा एक वाजवणारा लागतो, जो तिला वर्षानुवर्षं, पडत्या काळातही, सोडत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

क्रिकेटचं उदाहरण हवं तर ऑस्ट्रेलियात जावं लागेल, आणि तिथे मात्र बँड नव्हता. टीव्हीचे मालक केरी पॅकर यांनी देशोदेशींचे खेळाडू फोडून उभारलेल्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटचा पहिला हंगाम, १९७७-७८ चा, फिका गेला. खेळाडू जगातले उत्तम, स्टँड रिकामे. दुसऱ्या हंगामासाठी ॲलन मॉरिस आणि ॲलन जॉन्स्टन या जोडीने, म्हणजेच मोजो या जाहिरात संस्थेने, ‘कमॉन ऑसी कमॉन’ ही जिंगल केली. ‘टूहीज’ बिअरची गाजलेली जिंगलही याच जोडीची. बिअर विकण्याच्या त्याच हातोटीने त्यांनी क्रिकेट विकलं. खेळाडूंची नावं गुंफलेली, पुढे सगळ्यांनी मिळून ओरडायची एक ओळ. १९७८ च्या नोव्हेंबरात सिडनीच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात सामना झाला तेव्हा गर्दी लोटली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ही जाहिरात ऑस्ट्रेलियाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. आणि लोकांनी ती पॅकर यांच्यापाशी ठेवली नाही. वर्ल्ड सिरीज १९७९ मध्ये मिटली, खेळाडू पुन्हा देशाकडून खेळू लागले, आणि तीच आरोळी देशाच्या संघासाठी उठू लागली. आपले संघ ऑस्ट्रेलियात खेळताना तिथल्या गर्दीतून ती टीव्हीवर आपण ऐकली आहे. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्येही असंच घडलं. ‘स्पाइट्स’ बिअरच्या जाहिरातीतलं ‘सदर्न मॅन’ हे गाणं तिथल्या रग्बीच्या मैदानावर दक्षिणेकडच्या लोकांचं स्वतःचं गाणं झालं.

एक गोष्ट मला खुपते, ती सांगते. विस्कॉन्सिनच्या गाण्यात आता बिअरचं नाव नाही, पण बोलताना लोक त्याला अजून ‘बड साँग’च म्हणतात. शब्दांतून हाकललेलं नाव टोपणनावात जाऊन बसलं. कंपनीला यापेक्षा स्वस्त जाहिरात कुठे मिळणार? अतिमद्यपानाच्या बाबतीत हे राज्य अमेरिकेत वरच्या क्रमांकात असतं. हे गाणं रुजलं तेव्हा, १९७२ ते १९८४ या काळात, तिथे अठराव्या वर्षी दारू पिणं कायदेशीर होतं. पुढे वय एकोणीस आणि १९८६ साली एकवीस झालं. माझ्या शेजारच्या आजोबांची नात आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्यासाठी तो बिअरचा ठेका नव्हता, तिच्या आजोबांचा होता. हे मला दिसत होतं, आणि तरीही एवढ्या लहान मुलीच्या कानात दारूच्या कंपनीने बांधलेली चाल इतकी प्रेमळ होऊन बसावी, याने मी अस्वस्थ झाले. या दोन भावनांपैकी एक खोटी आहे असं मला वाटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने वेगळ्या वळणावर नेला. केबल टीव्हीच्या नियमांनी दारूच्या थेट जाहिरातींना टीव्हीवर बंदी आहे, म्हणून दारूची नावं सोडा, बाटलीबंद पाणी आणि संगीताच्या सीडी यांच्या आडून येतात. आयपीएलच्या पहिल्या लिलावात २००८ साली बंगळुरूचा संघ विजय मल्ल्या यांच्या कंपनीने ११ कोटी १६ लाख डॉलरना घेतला आणि त्याला एका व्हिस्कीच्या नावावरून नाव दिलं. किंगफिशरची जिंगल तर नुसत्या निरर्थक अक्षरांची आहे. निरनिराळ्या संघांचे खेळाडू तिच्यावर नाचताना आपण पाहिले. जिंगलकार म्हणून मी तिला दाद देते. अर्थ नसलेली अक्षरं कुठल्याही भाषेच्या माणसाला गाता येतात, हा हिशेब पक्का आहे. पण ती लोकांची झाली नाही. लोकांनी तिच्यात काही बदललं नाही, आपलं नाव घातलं नाही. ती डीजेच्या लॅपटॉपवरून येते, जेवढी विकत घेतली तेवढी वाजते, आणि बटण दाबलं की जाते. तिला रोज वेगळं वाजवणारा कुणी नाही.

फटी मात्र आपल्याकडेही आहेत. आयपीएलच्या प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट असतात. म्हणजे सामन्यात दहा मिनिटं, शिवाय षटकांमधल्या जागा वेगळ्या. आणि आपल्या प्रेक्षकांना ठेका धरता येत नाही असं कुणी म्हणू नये. सचिन तेंडुलकरच्या नावाचा दोन ठोक्यांचा गजर, मध्ये टाळ्या घालून, वानखेडेवर कुणी शिकवला होता? २०१३ च्या नोव्हेंबरात निरोपाचं भाषण करताना तो स्वतः म्हणाला की तो आवाज श्वास असेपर्यंत कानात राहील.

माझी क्रिकेट चालवणाऱ्यांकडे साधी मागणी आहे. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये एक कोपरा वाजवणाऱ्यांना द्या. मुंबईत लालबाग-परळची बेंजो पथकं आहेत, कोळीवाड्यांतले ब्रास बँड आहेत, पोलिसांचा बँड आहे, नाशिकचे ढोल तर बोलवायचा अवकाश. एकच पथक घ्या आणि त्याला पाच-सात हंगाम बदलू नका, संघ हरत असला तरी. टाइमआउटमधली निदान दोन मिनिटं डीजे बंद ठेवा. ते काय वाजवतील ते त्यांच्यावर सोडा. जुन्या दंतमंजनाची जिंगल उचलतील, साबणाची उचलतील, कोळीगीत उचलतील. प्रेक्षकांना पाठ असलेली आणि तीन ठोक्यांची मोकळी जागा असलेली चाल ते बरोबर शोधून काढतील. पथकाच्या बिदागीचा खर्च प्रायोजक देणार असेल तर घ्यावा, मात्र पथकाने काय वाजवायचं हे त्याने सांगायचं नाही, एवढी अट करारात लिहून ठेवावी. आणि पथकाने स्वतः बांधलेल्या चालीचा हक्क पथकाकडेच राहील, ही दुसरी.